सिस्टर मोनिकाचं मत

सिस्टर मोनिका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मशीनवर एका नवरीचं ब्लाउज होतं. फोन मठातून होता, मदर अ‍ॅग्नेस यांचा. म्हणाल्या, "रेखाताई, सकाळची प्रार्थना चालू होती… आम्ही गात होतो, तेव्हाच गेल्या." मी दोरा तोडला, शटर ओढलं आणि ऑटो केला. मुकुटबनपासून मठ फार लांब नाही. सागाच्या झाडीच्या कडेला दगडी कुंपण, कौलारू छपरं, आत विहीर आणि भाजीचा मळा. सिस्टरांना प्रार्थनेच्या दालनात ठेवलं होतं. पांढऱ्या झग्यात त्या आणखीच उंच दिसत होत्या. उजवा डोळा मिटलेला होता. डावा तर गेली वीसेक वर्षं मिटलेलाच होता. तो माझ्या नवऱ्यानं फोडला होता, आणि मी ते पाहिलं होतं.

माझं सासर मारेगाव तालुक्यातलं. घरची शेती, दारात ट्रॅक्टर, पिकला कापूस ठेवायला वेगळी खोली. माझ्या वडिलांनी हे सगळं पाहून मला दिलं होतं. नवरा मारायचा. पहिल्यांदा मारलं तेव्हा कारण होतं, भाजी खारट झाली होती. नंतर कारण लागेना. हाताला येईल त्यानं मारायचा… चप्पल, पऱ्हाटीची काडी, बैलाचं दावं. मार खाताना आवाज केला तर जास्त बसतो हे मी पहिल्याच वर्षी शिकले होते. सासू दार ओढून घ्यायची, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये. त्या दिवशी दुपारी त्यानं ट्रॅक्टरचा पाना घेतला. माझा डावा हात कोपराखाली मोडला, त्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित तिथंच राहिले असते. पण माझी कांचन तेव्हा नुकती धड बोलायला लागली होती, ती रडत मधे आली. त्यानं तिला एका हातानं उचललं आणि धान्याच्या कोठीवर फेकलं. तो पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि मागच्या दारानं निघाले.

माझं माहेर झरी जामणीकडे जंगलात. बस मिळाली. मोडलेला हात पदरात बांधला होता. मुकुटबनच्या पुढे आल्यावर खिडकीतून त्याची मोटारसायकल दिसली, मागं दीर बसलेला. पुढच्या थांब्यावर तो मला खाली ओढणार हे नक्की होतं. मी कंडक्टरला ओरडून गाडी थांबवायला लावली आणि समोर जे फाटक दिसलं त्यात घुसले. ते कशाचं फाटक आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आत एक उंच बाई फावडं घेऊन वांग्याच्या वाफ्यात उभी होती. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मी म्हटलं, "मले लपवा." तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, कांचनच्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं. म्हणाली, "इथं कुणाला लपवत नसतात. बस इथं." आणि फाटकाजवळच्या खोलीत पाणी ठेवून मदरना बोलवायला गेली. सिस्टर मोनिकांची माझी ओळख एवढ्या दोन वाक्यांची. त्या जालन्याकडच्या. बोलणं पहिल्यापासून असंच, फावड्यानं ढेकूळ फोडावं तसं.

नवरा आणि दीर फाटकाशी आले. तेव्हाच्या मदर वयस्क होत्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी लोखंडी गजांतून शांतपणे सांगितलं की हो, बाई इथंच आहे, तिचा हात मोडला आहे, पोलीस आल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. ते दोघं शिव्या देत निघून गेले. मदर फोनकडे वळल्या तर फोन मेलेला. तार त्यांनी जाताना तोडली होती. मोबाईलला त्या भागात तेव्हा रेंज नव्हती. तासाभरात एक ट्रॅक्स जीप भरून माणसं आली. कुऱ्हाडी होत्या, लोखंडी सब्बल होती, पेट्रोलची कॅन होती. त्यातले दोघं माझ्या लग्नात पंगतीला वाढत होते. नवरा ओरडून म्हणाला, "बाहेर काढा तिले. नाही तं साऱ्याजणींले आतच पेटवतो." तो खोटं बोलत नाही हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. मी मदरना तसं सांगितलंही.

मदरनी घंटा वाजवली. मला वाटलं मदतीसाठी वाजवतात. ती चॅप्टरची घंटा होती.

हे चॅप्टर म्हणजे काय ते मला नंतर कळलं, आणि ते सांगितल्याशिवाय सिस्टर मोनिका कळायच्या नाहीत. मठात मदर मोठी असली तरी मोठे निर्णय ती एकटी घेत नाही. ज्या सिस्टरांनी आयुष्यभराची शपथ घेतली आहे त्या सगळ्यांची मिळून एक सभा असते, तिला चॅप्टर म्हणतात. त्या सभेच्या खोलीत रोज मठाच्या नियमांतला एक अध्याय वाचायचा, म्हणून हे नाव. नवी मुलगी घ्यायची का, जमीन विकायची का, मदर कोणाला करायचं, सगळं तिथं ठरतं. बाहेरच्या माणसाला कुंपणाच्या आत ठेवायचं असलं तरी तिथंच. सगळ्यांत धाकटी असते तिनं आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या धाकानं तिचं तोंड बंद होत नाही. मग मत. आमच्या या मठात मताला चवळीचा पांढरा दाणा आणि उडदाचा काळा दाणा वापरतात. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. मूठ झाकून पेटीत टाकायचा. कुणी कोणता टाकला हे बाहेर कुणाला, कधीच, सांगायचं नाही. मोठमोठ्या कॅथेड्रलांतही बिशपला सल्ला द्यायला धर्मगुरूंचं असं चॅप्टर असतं, असं एका फादरनी मला पुढं सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की सात बायका एका खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं, आणि माझं जगणं मरणं आता त्या खोलीत होतं.

ज्यांची शेवटची शपथ झाली नव्हती अशा दोघी माझ्याजवळ बाहेर थांबल्या. त्यांना मताचा हक्क नव्हता. त्यातली एक आताच्या मदर अ‍ॅग्नेस. कांचन त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांचे पाय थरथरत होते, त्यामुळं पोर झोका दिल्यासारखी हलत होती. कौलांवर दगड पडायला लागले. फाटकाजवळ शेळी बांधलेली होती, ती भेदरून ओरडत होती. कुंपणावरून उडी मारून एकजण आला आणि त्यानं कुऱ्हाडीनं तिची मान तोडली. निव्वळ ती ओरडत होती म्हणून. मग गोठ्यामागच्या कुटाराच्या ढिगाला आग लावली. धूर खोलीत आला. मी उठले. मला वाटलं आपण बाहेर जावं, एकदाचं संपवावं. अ‍ॅग्नेसनी माझा धड हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "अजून ठरलं नाही. ठरेपर्यंत बसायचं असतं."

दार उघडलं तेव्हा सगळ्यांत आधी सिस्टर मोनिका बाहेर आल्या. हाताचा चिखल वाळून पांढरा झाला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ पुढच्या लाकडी दाराशी गेल्या आणि पाठ लावून उभ्या राहिल्या. मागून मदर आल्या. म्हणाल्या, "तू राहशील, बाळा. एका मतानं ठरलं, पण ठरलं."

दार फार वेळ टिकलं नाही. कुऱ्हाडीचं पातं फळीतून आत आलं ते सिस्टरांच्या खांद्यात शिरलं. पांढरा झगा कमरेपर्यंत लाल झाला. त्या हलल्या नाहीत, नुसत्या हुंकारल्या. पुढचा घाव बसला आणि दार बिजागरीसकट आत आलं, त्याच्याखाली त्या आल्या. नवरा दारावरून, म्हणजे त्यांच्या अंगावरून, आत आला. त्याच्या पायाशी पडलेल्या सिस्टरांनी त्याचे दोन्ही पाय मिठीत धरले. तो कोसळला. दिरानं त्यांचे केस धरून ओढलं, डोक्यावरचं कापड त्याच्या हातात आलं, केस आले, सिस्टर सुटल्या नाहीत. नवऱ्यानं पडल्या पडल्या कुऱ्हाडीचा दांडा उलटा धरला आणि त्यांच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. पुन्हा मारला. तिसऱ्या की चौथ्या घावाला डोळा गेला… मी तो आवाज लिहिणार नाही. त्यांनी तोंड उघडलं ते ओरडायला नाही. त्याच्या पोटरीला त्यांनी चावा घेतला आणि दात तसेच रोवून ठेवले. तेव्हा तो ओरडला. तोपर्यंत मदरसकट सगळ्या म्हाताऱ्या सिस्टरा हातात झाडू, फावडं, मेणबत्तीचं लोखंडी स्टँड घेऊन दाराच्या तोंडाशी दाटल्या होत्या. पुरुष आत येत होते आणि मार खाऊन मागं सरत होते. मी एका हातानं पाण्याची घागर उचलून दिराच्या डोक्यात घातली. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

जवळच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, माणसांनी धूर पाहिला होता. ती पळत आली आणि मग ट्रॅक्सवाले पळाले. नवरा तेवढा राहिला, कारण त्याचे पाय अजून सिस्टरांच्या मिठीत होते. त्या बेशुद्ध झाल्या होत्या. त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

यवतमाळच्या दवाखान्यात आम्ही दोघी एकाच वॉर्डात होतो. मी रडून म्हटलं की माझ्यापायी तुमचा डोळा गेला. त्या पट्टीतून म्हणाल्या, "तुझ्यापायी नाही. दांड्यानं गेला. रडू नको, टाके दुखतात." पुढं कोर्टात त्याच्या वकिलानं त्यांना विचारलं की देवाचं नाव घेणाऱ्या बाईनं माणसाला चावावं, हे कोणत्या धर्मात बसतं. सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघत होतं. त्या म्हणाल्या, "हात धरण्यात गुंतले होते. तोंड मोकळं होतं." न्यायाधीशांनी मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला.

त्याला शिक्षा झाली. मला सोडचिठ्ठी मिळाली. मठानं मला शिलाईचं काम दिलं, सिस्टरांचे झगे, वेदीवरची कापडं. हळूहळू मी मुकुटबनला दुकान थाटलं. शिक्षा भोगून आल्यावर तो एकदा दुकानासमोर येऊन उभा राहिला. नुसता बघत. मी कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि टेबलाच्या पुढं आले. त्या दिवशी मी त्याला मारलं असतं. त्याला ते दिसलं असावं. तो गेला, पुन्हा आला नाही. सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हात थरथरला?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कांदे निवडायला लागल्या.

सगळी वर्षं मी दर रविवारी जात राहिले. मी धर्म बदलला नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही. सिस्टर मोनिका फाटकाजवळच्या खोलीतल्या गजांपलीकडून बोलायच्या, म्हणजे बहुतेक रागवायच्या. कांचन परीक्षेत मागं पडली की मला रागवायच्या, माझं वजन वाढलं तरी मला. कांचन मोठी झाली, नर्स झाली, एकदा कॉलेजच्या समारंभात तिनं भाषण केलं की एका सिस्टरनं एकटीनं माझ्या आईला वाचवलं. मी ते कौतुकानं सिस्टरांना सांगितलं. त्यांनी मान वळवून घेतली. मला वाटलं नम्रपणा आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात सलत राहिली. एका मतानं ठरलं, म्हणजे तिघींनी मला बाहेर काढायचं म्हटलं होतं. त्या तिघी कोण? मी चेहरे वाचायची. एक कायम गंभीर असायची, एक माझ्याशी नजर भिडवायची नाही. मनात मी दोघी ठरवून टाकल्या होत्या. तिसरी काही ठरेना. त्या म्हाताऱ्या मदरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते आम्हीसुद्धा एकमेकींना विचारत नाही, बाळा."

यंदा तुरी सोंगायच्या दिवसांत सिस्टरांचं दुखणं वाढलं. पोटात पाणी व्हायचं, पाय सुजायचे. मदर अ‍ॅग्नेसनी मला पहिल्यांदाच आत, आजाऱ्यांच्या खोलीत नेलं. त्यालाही चॅप्टरची परवानगी घेतली होती. मी मोसंबीचा रस केला, स्टीलच्या पेल्यात दिला. त्यांनी तो तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "रेखा, मला एक सांगायचं आहे. स्वतःचं तेवढं सांगायला मी चॅप्टरकडून परवानगी मागून घेतली. त्या दिवशी मी काळा दाणा टाकला होता."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी त्या खोलीत त्यांनी म्हटलं होतं की बाईला मागच्या वाटेनं जंगलात सोडा, तिचं नशीब असेल तर वाचेल. एका अनोळखी बाईसाठी इथल्या साऱ्याजणी जळतील. त्यांना ते तेव्हा बरोबर वाटलं होतं. मोडलेला हात आणि पोर घेऊन मी त्या जंगलात किती लांब गेले असते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

माझ्या अंगाला आग लागली. वीस वर्षं जिच्या फुटक्या डोळ्याला मी मनात रोज हात जोडले, तिनं मला मरायला बाहेर काढायचं म्हटलं होतं. मी म्हटलं, "काहून सांगितलं हे मले? मरू द्यायचं होतं नं ते तुमच्यासोबत." माझा आवाज मलाच ओळखू येईना. म्हटलं, असं वाटते हा पेला फेकून मारावा. त्यांनी पेला माझ्यापुढं धरला. "फेक." मी फेकला. भिंतीवर आपटला, रस त्यांच्या पांघरुणावर उडाला, पेल्याला पोचा आला. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली आणि थांबली. सिस्टर हसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं. मग दम लागला, मी त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली. आपण कोणाची पाठ चोळतोय हे कळायला मला थोडा वेळ लागला.

मी विचारलं, "मग दाराशी काहून उभ्या राह्यल्या?"

त्या म्हणाल्या, "दाणे मोजून झाले ना. मोजेपर्यंत माझं मत माझं होतं. ठरलं, मग ते सगळ्यांचं, माझं पण. मी नाही म्हटलं होतं म्हणून मी मागं उभी राहणार होय? उलट मीच पुढं पाहिजे."

मी म्हटलं, काही असो, रक्त तुमचं सांडलं. त्यावर त्या चिडल्या, अगदी जुन्यासारख्या. "रक्त सांडायला अक्कल लागत नाही. मत द्यायला लागते. धूर नाकात जात असताना ज्या चौघींनी पांढरा दाणा टाकला, त्यांनी तुला वाचवलं. तुझी पोरगी भाषणं करते ती माझ्या नावानं. त्यांना नाव नाही, आणि त्या मागणारही नाहीत. दोघी तर जमिनीत गेल्या असतील, कोण जाणे. मला हे घेऊन जायचं नाही. तू कुठं सांगशील, लिहिशील, तर हे लिही."

त्या चौघी कोण हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं. मनात ठरवून टाकलेल्या त्या दोन सिस्टरांचे चेहरे डोळ्यांपुढं आले. जाताना त्यांनी माझा डावा हात कोपराखाली चाचपला, जिथं हाड जरा वाकडं जुळलं आहे तिथं. "पावसाळ्यात दुखतो का?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "माझा खांदा पण," म्हणाल्या. ही शेवटची भेट.

त्यांना मळ्याच्या कडेला, इतर सिस्टरांच्या रांगेत पुरलं. कांचन ड्युटी टाकून आली होती. कोलाम पोडावरचे म्हातारे आले होते, त्या दिवशी पळत आले होते त्यांच्यातले काही. माती लोटून झाल्यावर मदर अ‍ॅग्नेसनी मला फाटकाजवळच्या खोलीत थांबायला सांगितलं आणि थोड्या वेळानं झाकलेलं ताट घेऊन आल्या. मठात एक रीत आहे. सिस्टर गेली की महिनाभर जेवणाच्या टेबलावर तिची जागा मोडत नाहीत. तिथं क्रूस ठेवतात, तिचं ताट रोज वाढतात, आणि ते उचलून बाहेरच्या कुणा गरजवंताला देतात. मी म्हटलं, मदर, मले कायले? माझं दुकान आहे, पोरगी कमावते. पोडावर कितीतरी म्हातारी माणसं आहेत. मदर म्हणाल्या की हेच त्यांनी सिस्टरांना सांगितलं होतं, पण ताट रेखालाच द्यायचं हा हट्ट सिस्टरांनी सोडला नाही, तेव्हा हे चॅप्टरपुढं ठेवावं लागलं.

"मग?" मी विचारलं.

"या वेळी एकही काळा दाणा नव्हता," मदर म्हणाल्या आणि ताट माझ्यापुढं ठेवून आत गेल्या.

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मळ्यातल्या वांग्याची भाजी. पहिल्या दिवशी जेवावंसं वाटेना. रागही होता, अजून आहे. बाहेर मळ्यात ताजी माती दिसत होती आणि मी भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत बसले… मग जेवले. हे लिहिते आहे तेव्हा तो महिना संपलेला नाही. रोज दुपारी मी शटर ओढते आणि ऑटो करते. सिस्टर मोनिकांचा वाटा माझ्यापुढं येतो. मी तो पूर्ण खाते, ताट विहिरीवर स्वतः घासते आणि गजांतून आत देते.